अनुस्वार गेला कुठे? व्हिडिओ लहान करताना काय घडतं



फळ्यावर 'चिंता' लिहिलेलं असतं आणि मुलाच्या मोबाईलवर ते 'चिता' दिसतं. आपल्या लिपीत एका टिंबावर अर्थ फिरतो, आणि व्हिडिओ लहान करताना सगळ्यात आधी बळी जातो तो असल्याच बारीक खुणांचा. बरं, लहान केल्याशिवाय भागतही नाही. घरात एकच फोन, त्यात रोजचा ठरलेला डेटा, त्यावर दोन भावंडांचा अभ्यास. मग करायचं काय? त्याआधी आत काय चालतं ते बघू.

थोडं गणित करू. (सातवीच्या वर्गातही घेता येईल, नुसता गुणाकार आहे.) फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एक चित्र झालं सुमारे ६२ लाख बाइटचं. सेकंदाला २५ चित्रं धरली तर दहा मिनिटांच्या पाठाला लागतात ९३ जीबी! तुमच्या फोनमध्ये तोच पाठ एक-दीड जीबीत मावतो. म्हणजे रेकॉर्डिंग होता होताच फोनने पुष्कळ काही गाळलेलं असतं.

पहिली काटछाट रंगांत होते. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकच. एवढ्यानेच माहिती निम्मी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलं तर अक्षरांच्या कडा पसरट दिसतात, त्याचं कारण हेच. पांढरा खडू सगळ्यात बरा.

दुसरी काटछाट म्हणजे सारखं सारखं तेच न सांगणं. फळा दहा मिनिटं जागचा हलत नाही, मग तो प्रत्येक चित्रात नव्याने का साठवायचा? त्यासाठी चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाबद्दल विचारतात, 'हा मागच्या चित्रात कुठे होता?' सापडला, तर एवढंच लिहायचं: 'तिथून उचला, चार घरं उजवीकडे ठेवा.'

आता हे शोधणं किती महाग पडतं बघा. चौकोन चारही बाजूंना फक्त १६ ठिपक्यांपर्यंत शोधायचा म्हटलं, तरी ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ जागा तपासाव्या लागतात. प्रत्येक जागी २५६ ठिपक्यांची वजाबाकी. एका चित्रात असे ८१६० चौकोन. गुणाकार केला की एका चित्रासाठी सुमारे २२७ कोटी वजाबाक्या होतात. आणि सेकंदाला अशी २५ चित्रं!

प्रत्यक्षात कुठलाही प्रोग्रॅम इतकी हमाली करत नाही. जत्रेत हरवलेलं पोर शोधताना आपण सगळं मैदान पालथं घालतो का? आधी जवळपास बघतो, कुणी 'तिकडे गेलं' म्हणालं की तिकडे सरकतो. प्रोग्रॅमही आजूबाजूच्या चार जागा तपासतो, त्यातली सगळ्यात जुळणारी निवडतो आणि तिथून पुढे. काम कितीतरी पटींनी कमी होतं. पण कधी कधी खरी जागा हुकते, मग उरलेला फरक वेगळा लिहावा लागतो आणि फाईल फुगते. म्हणजे वेळ वाचवला की जागा जास्त लागते. जागाही वाढू द्यायची नसेल तर चित्र खराब होतं.

ते खराब कसं होतं? उरलेला फरक ठळक भागापासून बारीक तपशिलापर्यंत आकड्यांत मांडतात आणि त्या आकड्यांना एका संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात आणतात. समजा १० ने भागलं. ४७ चे झाले ५, परत गुणले की ५०, चालून जातं. पण ३ चा झाला ०. तो गेला तो गेलाच. फिकट खडूने दिलेला अनुस्वार हा असाच '३' असतो. तेव्हा ठसठशीत लिहा, मोठं लिहा. मला विचाराल तर सगळ्या सेटिंग्जपेक्षा याचा उपयोग जास्त.

पाठ प्रत्यक्ष सुरू असताना प्रक्षेपित करायचा, तर प्रत्येक चित्राला जेमतेम ४० मिलिसेकंद मिळतात. तिथे घाईचा शोधच करावा लागतो. पण रेकॉर्ड केलेल्या पाठाला कसली घाई? आणि इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. उदाहरण सोडवायला वेळ लागतो, ताळा करायला लागत नाही. चौकोन कुठून उचलायचा हे फाईलमध्ये लिहिलेलंच असतं, त्यामुळे मुलाच्या फोनला शोधाशोध करावी लागत नाही. तुमचा संगणक एकदा जास्त राबला, की साठ घरांतला डेटा वाचतो.

हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम यासाठी चांगला आहे. त्यात दोन सरकपट्ट्या महत्त्वाच्या. एक दर्जाची. तिथला आकडा उलटा चालतो हं, लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र. फुल एचडीला २० ते २४ ठीक. आकडा ६ ने वाढवला की फाईल ढोबळमानाने निम्मी होते, पण अनुस्वारही धोक्यात येतो. दुसरी पट्टी वेगाची. ती 'मीडियम'वरून 'स्लो'वर न्या, रात्री लावून झोपा. त्यापलीकडे मात्र वेळ पटींनी वाढतो आणि हाती फारसं लागत नाही. सगळ्यात मंद पातळीला तर बनवणाऱ्यांनीच 'प्लासिबो', म्हणजे नुसतं मनाच्या समाधानाचं औषध, असं नाव ठेवलंय!

पद्धत कोणती निवडायची? एच.२६४ ही २००३ ची, एच.२६५ ही २०१३ ची, एव्ही१ ही २०१८ ची. जितकी नवी तितकी फाईल लहान, पण उलगडायलाही मेहनत जास्त. ज्या जुन्या फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप नाही, तो तापतो, बॅटरी खातो, चित्र अडखळतं. आपल्या मुलांच्या हातातले फोन कोणते असतात ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मी एच.२६४ च सुचवेन.

चित्रीकरण करताना फोन हातात धरू नका, चार पुस्तकांच्या आधाराने उभा करा. हात हलला की अख्खा फळा हलतो. मागे फडफडणारा पडदा नको. आणि उजेड भरपूर हवा, कारण अंधारात चित्रावर जी बारीक मुंग्यांसारखी हालचाल दिसते, ती प्रत्येक चित्रात वेगळी असते. तिला मागच्या चित्रात जोडीदार सापडतच नाही आणि तुमचे सगळे बाइट तीच खाऊन टाकते.

शेवटचं, पाठवण्याचं. इतकी मेहनत करून केलेली फाईल व्हॉट्सॲपवर 'व्हिडिओ' म्हणून टाकली, तर ते आपल्या हिशोबाने ती पुन्हा दाबतं. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, जशी आहे तशी पोहोचेल.