घोडीची चाल बिघडली? मणक्याच्या आधी खूर आणि दात बघा

मागच्या लग्नसराईत आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा आठ-दहा दिवस आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, घरची वरातीची घोडी बिघडली होती. डावीकडे वळवायचं म्हटलं की मान वर फेकायची, पाठ ताठ करायची, मागचे पाय ओढत चालायची. दोन वराती हातच्या गेल्या, घेतलेली बयाण्याची रक्कम परत द्यावी लागली. अब्बा घोडीला घेऊन इलाजासाठी फिरत होते आणि मुलगा घरचं बघत होता.

सल्ले देणारे खूप. एक म्हणाला, पाठीवर डाग द्या. दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस घोड्याच्या पाठीला झटका देतो आणि घोडा लगेच मोकळा चालू लागतो. "मणका सरकलाय, बसवून घ्या," असं ठरत आलं होतं. शेवटी पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात बघितलं. डावीकडच्या वरच्या दाढांना ब्लेडसारखी धार आली होती आणि गाल आतून सोलला गेला होता. लगाम ओढला की तीच धार जखमेला लागत होती. दुखणं तोंडात होतं, दिसत मात्र चालीत होतं.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण आपल्या समाजात टांगा, वरातीची घोडी, वीटभट्टीवरचं ओझं यावर पोट असलेली घरं आजही आहेत. म्हणून जाणकारांकडून समजून घेतलेलं इथे सोपं करून मांडतो.

दाताचा आणि चालीचा संबंध काय?

माणसाचे दात एकदा आले की वाढत नाहीत. घोड्याचे दात मात्र हिरडीतून आयुष्यभर हळूहळू वर सरकत राहतात, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. चघळताना ते तेवढेच झिजतात. पण घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड नीट झिजत नाही. तिथे टोकं तयार होतात. वरची टोकं गालाला कापतात, खालची जिभेला.

मोकळा चरणारा घोडा दिवसाचे बरेच तास गवत चघळतो आणि जबडा आडवा फिरवतो. खुंट्याला बांधलेल्या घोडीला चंदी जास्त आणि चारा कमी मिळाला, तर चघळणं कमी होतं, जबडाही कमी फिरतो. मग ही टोकं लवकर वाढतात.

तोंड दुखतंय म्हणून घोडी लगामापासून पळते. मान वर करते, मग पाठ खाली दबते आणि मागचे पाय पोटाखाली नीट येत नाहीत. असं महिनोन्‌महिने चाललं की मान आणि पाठीचे स्नायू खरोखरच आखडतात. मग बघणाऱ्याला वाटतं, मणक्यातच दोष आहे.

घरच्या घरी ओळखायच्या खुणा अशा आहेत. चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून खाली पडतात. लिदीत अख्खे दाणे दिसतात. खाताना मान तिरकी होते. तोंडाला किंवा एकाच नाकपुडीला घाण वास येतो. चंदी पुरेशी देऊनही घोडी वाळत जाते.

इलाज अवघड नाही. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतात, तोंड उघडं ठेवायचं साधन लावतात आणि लांब दांड्याच्या कानशीने टोकं घासून काढतात. दाताच्या या वरच्या कडेला संवेदना नसते, त्यामुळे नीट केलं तर दुखत नाही. मोठ्या घोडीचे दात वर्षातून एकदा तपासावेत. अडीच ते साडेचार वर्षांच्या वयात दुधाचे दात पडतात, तेव्हा सहा महिन्यांनी. बाजारात घोडी घेताना वय कळावं म्हणून आपण सगळे तिचं तोंड उघडतो. घरी आणल्यावर पुन्हा कोण उघडतं?

पण सगळ्यात आधी खूर

लंगडण्याचं कारण बहुतेक वेळा पायाच्या तळाशीच सापडतं. खिळा रुतलेला असतो, खूर वाढलेला असतो, नाल चुकीचा बसलेला असतो किंवा आत पू झालेला असतो. घोडीला कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवून बघा. पुढचा दुखरा पाय टेकला की ती डोकं वर उचलते आणि चांगल्या पायावर खाली आणते. खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटायला हवा. नालबंद हे आपल्याकडे आडनावही आहे, पण त्या हुनराची जाणती माणसं आता कमी होत चालली आहेत.

आपल्या जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिझ खान यांची मोठी लढाई झाली. त्या काळच्या फौजांबरोबर नालबंद आणि घोड्यांचे वैद्य म्हणजे सालोत्री असत. सालोत्री हा शब्द शालिहोत्र या जुन्या भारतीय अश्ववैद्याच्या नावावरून आला आणि ही विद्या फारसीतही उतरली. खूर, दात आणि पाठ एकत्र बघायची रीत आपल्याला नवी नाही. आपण ती विसरलो एवढंच.

खुरानंतर खोगीर बघा. पाठीवर हात दाबून फिरवा. घोडी दबली, कातडी थरथरली किंवा पांढरे केस दिसले तर खोगीर टोचतंय. काटेरी लगाम तर वापरूच नका. 1965 च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनुसार त्याला बंदी आहे. त्याच नियमांत तट्टावर 70 किलोपेक्षा जास्त ओझं लादायला आणि दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायलाही मनाई आहे.

मग कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

हाताने मणक्याच्या सांध्यांना नेमका, झटपट दाब देऊन हालचाल मोकळी करायची ही पद्धत आहे. 1895 मध्ये अमेरिकेत माणसांसाठी ती सुरू झाली, जनावरांसाठी नंतर आली. घोड्याच्या पाठीचा ताठरपणा आणि दुखरेपणा काही काळ कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण पुरावा अजून थोडाच आहे. "निसटलेलं हाड जागेवर बसवलं" हा दावा खरा धरू नये. घोड्याचे मणके जाड स्नायूंच्या आत घट्ट बांधलेले असतात. मणका खरंच सरकला तर घोडी उभीच राहू शकणार नाही. हाड मोडलेलं असेल किंवा नसांचा आजार असेल, तर झटका देणं धोक्याचं आहे.

म्हणजे हा उपाय जोडीचा आहे, तोही तपासणीनंतर आणि शिकलेल्या पशुवैद्याच्या हातून. दाढेची धार तशीच ठेवून पाठ मोकळी केली, तर आठवड्यात दुखणं परत येणार.

इलाज नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच घ्या. 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदाही तेच सांगतो. तालुक्याचा सरकारी दवाखाना आहे, 1962 हा टोल-फ्री नंबर आहे. मोठा प्रश्न असेल तर शेजारी अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे.

डाग देण्याच्या नादाला लागू नका. त्याने दुखणं जात नाही, वर भाजल्याची जखम होते. जनावराच्या चेहऱ्यावर डागण्याची तर रसूलुल्लाह (स.) यांनी सक्त मनाई केली आहे. पाठ-पोट एक झालेला उंट बघून, या बेजुबान जनावरांच्या बाबतीत अल्लाहचं भय बाळगा, अशी ताकीदही त्यांनी दिली होती.

त्या मुलाच्या घोडीचे दात घासले, वाढलेला खूर छाटला, तीन आठवडे लगाम न घालता नुसतं हळू फिरवलं. चाल एका दिवसात सुधारली नाही, हळूहळू आली. सीझनच्या शेवटच्या काही वराती मिळाल्या आणि मुलगा शाळेत परतला. आपल्या दारात घोडी असेल, तर आज संध्याकाळी चंदी घालताना पाच मिनिटं थांबा आणि ती कशी चघळते ते बघा.