प्रथिनांचे कवच : समज आणि सत्य

प्रथिनयुक्त भुकटी दुधातून घेतली, म्हणजे किरणोत्सर्गापासून शरीराचे रक्षण होते, असा एक समज आहे. ज्या घरी कर्करोगाच्या रुग्णावर किरणोपचार चालू असतात, त्या घरी अशा समजाला सहज थारा मिळतो. त्यात तथ्य किती, हे आज पाहू.

आपल्या शरीरात पाण्याचा अंश मोठा. क्ष-किरण पेशीत शिरले म्हणजे या पाण्याचे रेणू फुटतात, आणि त्यांतून निघालेले अतिक्रियाशील कण आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. सारे घडते ते निमिषार्धाच्याही आत. या कणांना निष्प्रभ करणारे ग्लुटाथायॉन नावाचे द्रव्य पेशीत असते. ते तयार होण्यास सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागते, आणि सिस्टीन आपणांस प्रथिनांतून मिळते. या समजाचे मूळ इथेच आहे.

१९४९ साली अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत हार्वी पॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सिस्टीन टोचून मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडले. पुष्कळसे उंदीर वाचले. परंतु किरणांनंतर दिलेले सिस्टीन म्हणजे वरातीमागून घोडे ठरले! शिवाय मात्राही फार मोठी होती; रोजच्या जेवणातून ती साधणे शक्य नाही. पुढे अमेरिकन लष्कराने हजारो संयुगे तपासली. त्यांतून निघालेले अमिफॉस्टीन हे औषध मान व डोक्याच्या किरणोपचारात तोंडाला पडणारी कोरड कमी करण्यासाठी १९९९ साली तेथे मान्य झाले. तेही उपचारापूर्वी थोडा वेळ शिरेतूनच द्यावे लागते, आणि त्याने रक्तदाब उतरू शकतो.

मग आहारातील प्रथिने निरुपयोगी का? मुळीच नाही. ती ढाल नव्हेत, गवंड्याला लागणारे दगडविटा आहेत. तोंडाची व आतड्याची अस्तरे किरणोपचारात झिजतात. ती पुन्हा उभारण्यास प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. कर्करोगाच्या रुग्णास ६० ते ९० ग्रॅमपर्यंत लागू शकतात. तोंड आले असेल तर मऊ खिचडी, दही, उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी द्यावी. एवढेही गिळवत नसेल, तर भुकटी अन्न म्हणून उपयोगी पडते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून ती देऊ नये. पेशीरक्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचेही तसेच. त्या निरोगी पेशींबरोबर रोगट पेशींनाही आश्रय देण्याचा संभव असतो.

तेव्हा डब्यावरील आश्वासनावर विसंबून किरणोपचाराची एकही पाळी चुकवू नका, आणि रुग्णाचे वजन दर आठवड्यास करून डॉक्टरांना कळवा. वजन उतरू लागले, तर ताटात काय वाढावे हे त्यांच्याकडूनच समजून घ्या.