घणाचा घाव आणि वखराची पास

उमरेडकडील काळ्या रानात वखराची पास बोथट झाली, म्हणजे ती लोहाराच्या ऐरणीवर जाते. तेथे पुष्कळ शेतकरी बंधू भट्टी न पेटविता पास थंडीच ठोकून मागतात. कोळसा व वेळ वाचतो खरा; परंतु अशी पास पुढे ऐन हंगामात तडकते. याचे कारण आमच्या वाचकांस ठाऊक असणे इष्ट आहे.

घावाचा जोर केवळ हातोड्याच्या वजनात नसतो. वजन दुप्पट केल्यास घावातील शक्ती दुप्पट होते, पण वेग दुप्पट केल्यास चौपट. शिवाय हातोडा किती अंतरात थांबतो, यावर दाब ठरतो. १ किलोचा हातोडा सेकंदास ५ मीटर वेगाने येऊन ५ मिलिमीटर रुतला, तर सुमारे २५० किलो वजनाइतका दाब पडतो. अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर तोच अडीच टनांवर जातो. थंड लोखंडावर नेमके हेच घडते.

लाल तापलेले लोखंड घावासरशी पसरते व त्याचे कण आत नव्याने जुळतात. थंड लोखंड थोडेच पसरते, आणि प्रत्येक घावागणिक ताठर होत जाऊन अखेर चिरते. तार वारंवार वाकवून तोडणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. पातळ धार हलक्या हाताने थंड ठोकणे निराळे. जाड पासेस ती रीत लावू नये.

ही विद्या आपल्या जिल्ह्यास नवी नव्हे. नाईकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननांत लोखंड गाळण्याची फार प्राचीन भट्टी सापडली आहे.

हल्ली मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून पासा करवितात. या पोलादात कर्ब अधिक असतो. त्याचा लाल रंग मावळू लागताच घाव थांबवावा; उलट ठिणग्या उडेपर्यंत तापविल्यास ते जळते व पुन्हा सुधारत नाही. त्यास पाण्याऐवजी तेलात विझविणे बरे. नंतर एक बाजू घासून उजळावी व पुन्हा मंद तापवावे : पिवळसर रंग आला तर धार टिकते, निळा आला तर चिवटपणा वाढतो. दगडगोट्यांच्या रानास आम्ही निळाच पसंत करू.

हातोड्यावर हातोडा मात्र कधीही मारू नये. दोन्ही तोंडे कठीण असल्याने कपची उडून डोळा जाण्याचे भय असते. छिन्नीचा माथा ठोकून फुलला असेल, तर ती किनारही आधी घासून काढावी.