श्रद्धेला संरक्षण, कृतीला मर्यादा

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आगरी आणि इतर अनेक समाज शेजारी राहतात. अशा ठिकाणी 'राज्य धर्मनिरपेक्ष आहे' या विधानाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मिरवणुकीचा मार्ग ठरविणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दरवर्षी उभा राहतो. एखाद्या पंथाविषयी तक्रार आली की हाच प्रश्न खेड्यातील सरपंचापुढेही येतो.

संविधानाची भूमिका

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. अनुच्छेद २६ नुसार धार्मिक संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहता येतात. अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. अमुक श्रद्धा खरी की खोटी, याचा निवाडा करण्याचा अधिकार संविधानाने कोणत्याही अधिकाऱ्याला दिलेला नाही.

पंथ नवा असला म्हणून त्याचे संरक्षण कमी होत नाही. समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतंत्र नाव या संप्रदायाच्या कसोट्या होत. आनंदमार्ग हा धार्मिक संप्रदाय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली मान्य केले. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील तांडवनृत्य हा त्याच्या धर्माचरणाचा अत्यावश्यक भाग नाही, असेही ठरविले. श्रद्धा अबाधित राहिली, तिच्या सार्वजनिक आविष्काराला तेवढी मर्यादा आली.

महाराष्ट्रातील कायदे

धार्मिक न्यासांच्या नोंदणीसाठी व हिशेबांच्या तपासणीसाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे. १९५४ साली रतिलाल गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियमन सर्वसाधारणपणे वैध ठरविले. मात्र धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद अमान्य केली. हिशेब पाहणे निराळे आणि धर्मकार्य हाती घेणे निराळे, हा भेद तेव्हापासून रूढ झाला.

पंथाच्या हक्कापुढे व्यक्तीच्या हक्काचे काय, हा प्रश्न अधिक कठीण आहे. मुंबई राज्याने १९४९ साली धर्मबहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिल्यावर १९६२ साली तो घटनाबाह्य ठरला. २०२३ मध्ये या प्रश्नाचा फेरविचार सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम केला. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी अधिनियमही कोणा धर्माविरुद्ध नाही. भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. पूजा, वारी, कीर्तन यांना त्यात मोकळीक आहे.

भिवंडीचा धडा

मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यांसारख्या वरकरणी लहान वाटणाऱ्या बाबींचा तीत बारकाईने विचार झाला. १९८४ मध्ये शहर पुन्हा होरपळले. दोन्ही वेळी कायदे अस्तित्वात होते. उणीव होती ती त्यांच्या वेळीच आणि निःपक्षपाती वापराची, तसेच परस्परविश्वासाची.

१९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. दोन्ही समाजांतील सामान्य नागरिक पोलिसांसमवेत नियमितपणे एकत्र बसू लागले, किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, हे या प्रयोगाचे फलित मानले जाते.

स्थानिक पातळीवरील दक्षता

तक्रार आली असता पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील. आक्षेप श्रद्धेला आहे की कृतीला? त्या कृतीने कोणाच्या जीविताला, आरोग्याला वा स्वातंत्र्याला बाध येतो काय? तीच कृती बहुसंख्य समाजाने केली असती तर हीच कारवाई झाली असती काय? धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखविणे किंवा समाजासमाजांत वैर पसरविणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम २९९ व १९६ खाली गुन्हे आहेत. त्यांची दखल पोलिसांनी घ्यावयाची असते. ग्रामसभेने कोणा पंथाला गावबंदी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता आले, तरच अल्पसंख्याकाचा कायद्यावर विश्वास बसतो. तो विश्वास टिकविण्याची जबाबदारी मंत्रालयाइतकीच तलाठी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचीही आहे.