साथीदारांशी संवाद : व्हिडिओ गेममधील ऐच्छिक भागाचे मोल

व्हिडिओ गेम म्हटले की धावपळ, गोळीबार आणि गुणसंख्या असेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र 'रोल-प्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात खेळाडूचा बराच वेळ बोलण्यात आणि ऐकण्यात जातो. येथे खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो. त्याच्यासोबत काही साथीदार असतात आणि दोन मोहिमांमधील विसाव्याच्या वेळी त्यांच्याशी बोलता येते. हे बोलणे बहुधा सक्तीचे नसते. ते टाळूनही खेळ शेवटापर्यंत नेता येतो. जो भाग अनेक खेळाडू पाहणारही नाहीत, त्यासाठी लेखक आणि आवाज देणारे कलाकार इतके श्रम का घेतात, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच पडतो.

फाशांकडून शब्दांकडे

या प्रकाराचे मूळ संगणकात नसून टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. नायकाने पदरी ठेवलेल्या माणसांची निष्ठा त्यात आकड्यांनी मोजली जाई आणि कसोटीच्या क्षणी ती टिकते की नाही, हे फासे ठरवीत.

कॅनडातील बायोवेअर या कंपनीने १९९८ मध्ये याच खेळावर आधारित 'बाल्डर्स गेट' तयार केला. २००० साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात साथीदारांना भूतकाळ, मतभेद आणि प्रेमभावनाही लाभल्या. निष्ठा हा केवळ आकडा न राहता संभाषणातून उलगडणारा विषय झाला.

दरम्यान, १९९९ मध्ये आलेल्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' या खेळाने आणखी पुढचे पाऊल टाकले होते. त्याचा नायक मरण पावूनही पुन्हा जागा होतो. मात्र त्याची स्मृती पुसली गेलेली असते. त्याचा साथीदार डॅकॉन याच्याजवळ धर्मोपदेश कोरलेले एक चक्र असते. खेळाडूने इच्छा व्यक्त केल्यास डॅकॉन त्या उपदेशाचे धडे एकेक करून देतो. चिकाटीने प्रश्न विचारत राहिल्यास शिष्यच गुरूला अर्थ उलगडून सांगू लागतो. पुढे असेही कळते की, ते चक्र नायकानेच आपल्या एका पूर्वावतारात डॅकॉनला दिले होते आणि त्या बदल्यात त्याला सेवेच्या शपथेत अडकवले होते. हे जाणून न घेणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने डॅकॉन हा केवळ एक कुशल तलवारबाज राहतो.

एका साथीदाराचे प्राण

ऐच्छिक संवादाचे मोल सर्वांत स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण म्हणजे बायोवेअरचाच 'मास इफेक्ट' हा २००७ सालचा खेळ. यात कमांडर शेपर्ड 'नॉर्मंडी' या अंतराळयानातून एका फितुराचा पाठलाग करत असतो. यानाच्या तळमजल्यावर रेक्स नावाचा भाडोत्री योद्धा उभा असतो. तो क्रोगन वंशाचा आहे. पूर्वी झालेल्या एका युद्धात या वंशावर जैविक अस्त्र वापरले गेले आणि तेव्हापासून त्यांची फारच थोडी अपत्ये जिवंत जन्माला येतात.

प्रत्येक मोहिमेनंतर लिफ्टने खाली जाऊन रेक्सची विचारपूस करणे खेळाडूवर बंधनकारक नाही. तसे केल्यास तो प्रथम तुटक उत्तरे देतो. पुढे तो आपल्या वंशाच्या ऱ्हासाविषयी आणि सलोख्याच्या बैठकीत आपल्यावरच उलटलेल्या पित्याविषयी बोलतो. शेवटी घराण्याच्या हरवलेल्या चिलखताचा उल्लेख येतो. ते शोधून आणण्याची छोटी मोहीम या बोलण्यातूनच सुरू होते.

त्यानंतर व्हर्मायर या ग्रहावर कसोटीचा प्रसंग येतो. क्रोगन वंशाला त्या शापातून मुक्त करणारा उपाय शत्रूच्या तळावर असल्याचे कळते आणि तोच तळ उद्ध्वस्त करणे शेपर्डला भाग असते. रेक्स बंदूक उगारतो. ज्याने त्याचे चिलखत परत आणले आहे, त्याला रेक्सची समजूत घालता येते. ज्या खेळाडूने मन वळवण्याचे किंवा धाक दाखवण्याचे कौशल्य पुरेसे वाढवले आहे, त्यालाही हे साधते. अन्यथा रेक्स तेथेच मारला जातो.

या निर्णयाचे पडसाद पुढील भागांतही उमटतात. २०१० सालच्या दुसऱ्या भागात वाचलेला रेक्स आपल्या टोळीचे नेतृत्व करताना आणि विखुरलेल्या क्रोगनांना एकत्र आणताना दिसतो. तो नसल्यास त्याची जागा रीव्ह हा त्याचा युद्धखोर भाऊ घेतो. एका संपूर्ण वंशाचे भवितव्य अशा रीतीने, कोणीही न सांगता केलेल्या विचारपुशीशी जोडले गेले आहे.

हिशेबाचा धोका

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. संवादाला बक्षीस जोडले की खेळाडू ऐकण्याऐवजी हिशेब करू लागतो. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) या खेळात साथीदारांची मर्जी आकड्यांत दाखवली जाते आणि भेटवस्तू देऊनही ती वाढवता येते. अशा वेळी कोणते उत्तर खरे वाटते यापेक्षा कोणत्या उत्तराने आकडा वाढतो, याकडे लक्ष जाते. मैत्रीचे रूपांतर व्यवहारात होण्यास मग वेळ लागत नाही.

उलट, संवाद पूर्णपणे ऐच्छिक ठेवल्यास तो हातातून निसटण्याचा संभव असतो. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ सालच्या खेळात साथीदारांचे अनेक महत्त्वाचे प्रसंग रात्रीच्या मुक्कामातच घडतात. परंतु नायकाच्या मेंदूत शिरलेल्या अळीमुळे वेळ थोडा उरला आहे, असे कथानक आरंभीच बजावते. साहजिकच घाईत पुढे जाणारे, मुक्काम टाळणारे खेळाडू हे प्रसंग गमावतात. ज्याला काही सांगायचे आहे, त्याच्या डोक्यावर या खेळात उद्गारचिन्ह दिसते. ही खूण उपयुक्त आहे. मात्र तिच्यामुळे संवाद हे उरकायचे काम वाटू लागण्याची भीतीही आहे.

निवडीत दडलेला अर्थ

चित्रपटात किंवा कादंबरीत एखाद्या पात्राचे मनोगत प्रेक्षकाला अथवा वाचकाला आपोआप लाभते. खेळात ते मिळवण्यासाठी स्वतः पाऊल उचलावे लागते. कोणी भाग पाडले नसताना खेळाडू खाली जातो, थांबतो आणि ऐकतो; म्हणूनच त्या नात्यात त्याचा स्वतःचा वाटा निर्माण होतो. हेच संभाषण सक्तीचे केले असते, तर माहिती तीच मिळाली असती. पण आपण त्याची विचारपूस केली होती, ही जाणीव राहिली नसती.

यातील सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, ज्याने रेक्सशी कधी संवादच साधला नाही, त्याला आपण काय गमावले हेही कळत नाही. त्याच्या लेखी व्हर्मायरवर एक हट्टी सैनिक मारला गेला, एवढेच. दुसरा मार्ग होता, हे खेळ त्याला सांगत नाही. तेव्हा असा खेळ प्रथमच हाती घेणाऱ्यांनी प्रत्येक मोहिमेनंतर आपल्या तळावर एक फेरी मारून साथीदारांची विचारपूस करावी, हे उत्तम. खेळ संपल्यावर जिंकलेल्या लढायांपेक्षा ही संभाषणेच अधिक काळ लक्षात राहण्याची शक्यता आहे.