संकेतस्थळावरून निघालेलें पत्र कोठें अडतें?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल कीं, आम्ही कांहीं शिक्षक मिळून गरजू मुलांस क्रमिक पुस्तकें पुरविण्याचा एक लहानसा निधि चालवितों. त्याचें संकेतस्थळ टेंभी नाक्याजवळील आमच्या बिऱ्हाडीं, कपाटावर ठेविलेल्या एका जुन्या संगणकावर आम्हींच उभारलें आहे. अर्ज तेथें भरावा, आणि पुस्तकें कोणत्या दिवशीं न्यावीं याचें ईमेल अर्जदारास आपोआप जावें, अशी योजना. गेल्या जूनमध्यें नाक्यावर शिवणकाम करणारे एक पालक आम्हांस रस्त्यांत भेटले व संकोचानें म्हणाले, "सर, आमच्या मुलाचें नांव यंदा बसलें नाहीं ना? उत्तर आलें नाहीं, म्हणून विचारलें."

नांव बसलें होतें. पत्रहि गेल्याचें संकेतस्थळ सांगत होतें. परंतु चौकशी करितां असें आढळलें कीं, अकरा मुलांपैकीं एकाच्याहि घरीं तें पोंचलें नव्हतें. मौन म्हणजे नकार, असें समजून ते सर्वजण मुकाट्यानें बसले होते!

ईमेलचा प्रवास टपालाहून फारसा निराळा नाहीं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. पाकिटावर ४००६०१ हे अंक दिसले कीं थैली ठाण्याकडे वळते. ईमेलच्या पत्त्यांत @ या चिन्हापुढें जें नांव असतें तें याच कामाचें. डीएनएस नांवाच्या जगद्व्यापी नोंदवहींत त्या नांवापुढें कोणत्या सर्व्हरकडे टपाल द्यावें हें लिहिलेलें असतें. मग दोन सर्व्हर एसएमटीपी या ठराविक भाषेंत बोलतात. ती जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहून काढिली. उत्तरें अंकांत असतात: २५० म्हणजे पत्र स्वीकारिलें, ४ नें आरंभ होणारा अंक म्हणजे "तूर्त नाहीं, पुन्हा या", आणि ५ नें आरंभ होणारा म्हणजे साफ नकार.

आमची पहिली चूक ही कीं, आम्हीं संकेतस्थळाच्या शब्दावर विश्वास ठेविला. "पत्र गेलें" याचा अर्थ, त्याच संगणकांतील पोस्टफिक्स नांवाच्या टपाल-कारकुनाच्या हातीं तें दिलें, इतकाच. घरांतलें पाकीट पेटींत पडलें. पेटी उघडली कीं नाहीं हें निराळें. म्हणून शोध नेहमीं कारकुनाच्या नोंदवहीपासून करावा. आमच्या नोंदवहींत प्रत्येक पत्रापुढें एकच शेरा होता: समोरच्या सर्व्हराशीं जोडणी झाली नाहीं, वेळ संपली. पोस्टफिक्स मूळ ठेवणीप्रमाणें पांच दिवस खटपट करितो, मग पत्र धाडणाऱ्यास परत करितो. येथें धाडणारा म्हणजे संकेतस्थळच! परत आलेलीं अकराहि पत्रें अशा पेटींत पडलीं होतीं कीं जी आम्हीं जन्मांत उघडली नव्हती.

जोडणी कां होईना? सर्व्हर एकमेकांस ज्या दारानें पत्रें देतात त्यास पोर्ट २५ म्हणतात. घरगुती संगणकांत विषाणु शिरून त्यांतून लाखों भुरटीं पत्रें निघूं लागलीं, तेव्हां घरोघरीं इंटरनेट देणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनीं हें दार बाहेरच्या बाजूनें बंदच केलें. तें उघडून मिळालें तरी उपयोग थोडा. कारण घरगुती जोडण्यांचे क्रमांक स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या याद्यांत असतात, आणि मोठे सर्व्हर तेथून आलेलें पत्र दारांतूनच परतवितात. उपाय असा कीं, पत्र स्वतः न पोंचवितां पोर्ट ५८७ नें, नांव व परवलीचा शब्द देऊन, एखाद्या विश्वासू टपाल-सेवेच्या हवालीं करावें. आम्हीं तसें केलें. नोंदवहींत २५० दिसूं लागलें.

आम्हांस वाटलें, झालें. पण शिंपीबुवांस पत्र दिसेना! त्यांच्या फोनवर 'स्पॅम' नांवाच्या कोपऱ्यांत तें सांपडलें. मूळ एसएमटीपींत एक मोठी उणीव होती: पाकिटावर धाडणाराचें नांव कोणीहि कांहींहि लिहावें. ती भरून काढण्यास पुढें तीन खुणा निघाल्या. एसपीएफ म्हणजे आमच्या नांवानें कोणते सर्व्हर पत्र धाडूं शकतात याची डीएनएसमधील यादी; डीकेआयएम म्हणजे पत्रावरील गुप्त किल्लीची मोहर; आणि डीमार्क म्हणजे दोन्ही खुणा न जुळल्यास काय करावें याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनीं प्रत्येक धाडणारास पहिल्या दोहोंपैकीं निदान एक खूण सक्तीची केली आहे, आणि थोक पत्रें धाडणारांस तिन्ही. पत्राचें मूळ रूप उघडून पाहिलें तर कोणती खूण जुळली नाहीं हें तेथेंच लिहिलेलें सांपडतें. आमचा एसपीएफ चुकला होता. नव्या सेवेचें नांव जुन्या ओळींत घालावयाचें, तें आम्हीं दुसरी ओळ लिहिली. आणि एका नांवास अशा दोन ओळी असल्या कीं दोन्ही निरुपयोगी ठरतात. गणिताच्या वहींत मुलांनीं असें केलें असतें तर आम्ही तांबडी रेघ ओढली असती.

आणखी एक खोड निघाली. अर्जाची जी प्रत आम्हांकडे येई तिच्यावर धाडणारा म्हणून अर्जदाराचाच पत्ता छापला जाई. हें सोयीचें खरें, पण आमचा संगणक याहूचा नव्हे. आणि याहूनें २०१४ सालापासून आपल्या नांवाचीं अशीं पत्रें नाकारण्याची सूचना डीमार्कमध्यें दिलेली आहे. आतां धाडणारा म्हणून निधीचा पत्ता असतो व अर्जदाराचा पत्ता 'उत्तर येथें धाडावें' या जागीं.

परत येणारीं पत्रें आतां आमच्या रोजच्या पेटींत येतात. त्या अकरा घरीं मात्र आम्ही पायींच जाऊन आलों. नऊ मुलांनीं पुस्तकें नेलीं. दोन घरीं तोंवर उसनवारीनें पुस्तकें घेऊन झालीं होतीं. तीं उसनवारी निधींतून फेडली.