अध्यक्षपद आणि समता



२०२० च्या जानेवारींत, १० ते १२ या तारखांस, आमच्या धाराशिव नगरांत मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें. त्या वेळीं नगराचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें. संमेलनाच्या नगरीस तेरच्या संत गोरोबा काकांचें नांव दिलेलें होतें आणि अध्यक्षस्थानीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. कुंभार संताची नगरी आणि तिच्या व्यासपीठावर ख्रिस्ती धर्मगुरु! त्यांच्या निवडीस कांहींनीं विरोध केला होता. तरी ते आले आणि बोलले. तेव्हांपासून मज निवृत्त शिक्षकाच्या मनांत एक प्रश्न घोळत आहे. एखाद्या व्यवसायाच्या संस्थेचें अध्यक्षपद मिळाल्यानें समता वाढते काय, आणि त्या हेतूनें तें पद मतें मागून मिळवावें काय?

आपल्या लेखकवर्गापुढें हा प्रश्न जुना आहे. १८७८ सालीं न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास पहिली ग्रंथकार सभा भरली. १८८५ च्या सभेचें निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनीं नाकारलें. जे शूद्रातिशूद्रांस माणुसकीचे हक्क देत नाहींत, त्यांच्या सभांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढें १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या अधिवेशनांत कुसुमावती देशपांडे या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. १९८४ सालीं जळगांवीं शंकरराव खरात हे दलित साहित्यिक अध्यक्ष झाले. बाहेर राहून दोष दाखविणें हा एक मार्ग. आंत शिरून पद मिळविणें हा दुसरा.

या दुसऱ्या मार्गानें काय साधतें, हें पाहण्यास एक परदेशचें उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची संस्था १८९२ सालीं निघाली. तिचे अध्यक्ष निवडणुकीनें ठरतात. मेरी कॅल्किन्स या विदुषीस केवळ स्त्री म्हणून हार्वर्ड विद्यापीठानें डॉक्टरेट नाकारली होती. त्याच बाई १९०५ सालीं या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. वाट मोकळी झाली, असें कोणासहि वाटावें. परंतु दुसरी स्त्री, मार्गारेट वॉशबर्न, १९२१ सालीं आली आणि तिसरी, ॲन अनास्तासी, थेट १९७२ सालीं. आमच्याकडेहि कुसुमावतींनंतर दुर्गा भागवत १९७५ सालीं आणि शांता शेळके १९९६ सालीं. एकीला मान मिळाला, एवढ्यानें मागून येणारीची वाट सोपी होत नाहीं.

त्याच संस्थेंतील केनेथ क्लार्क यांची गोष्ट मात्र निराळी आहे. गोऱ्या व काळ्या बाहुल्या पुढें ठेवून, भेदभावामुळें काळ्या मुलांच्या मनांत स्वतःविषयींच न्यूनभाव कसा रुजतो, हें त्यांनीं व त्यांच्या पत्नी मेमी यांनीं तपासलें होतें. शाळांतील वर्णविभागणी बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. हे क्लार्क १९७१ सालीं संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. केवळ खुर्ची भूषवून ते थांबले नाहींत. संस्थेची सामाजिक व नैतिक जबाबदारी पाहणारें एक मंडळ निघावें म्हणून त्यांनीं खटपट केली, आणि तें निघालें. अध्यक्षाची मुदत एका वर्षांत संपली. मंडळ मागें राहिलें.

आपल्या संमेलनाचा नियमहि २०१८ सालीं बदलला. पूर्वीं उमेदवारानें मतदारांकडे जावयाचें. तें अनेक मानी लेखकांस रुचत नसे. आतां महामंडळाच्या संस्था नांवें सुचवितात व बैठकींत निवड होते. पहिल्या ९१ अधिवेशनांत ४ स्त्रिया अध्यक्ष झाल्या होत्या. पुढच्या ७ अधिवेशनांत, २०२५ च्या दिल्लीपर्यंत, अरुणा ढेरे व तारा भवाळकर अशा २ झाल्या. संख्या लहान आहे. तिच्यावरून सिद्धान्त काढूं नये. शिवाय या रीतींत निवडणारे हात थोडे असतात. ज्याचें नांव कोणीच सुचवीत नाहीं, त्यास स्वतः उभें राहण्याची सोय उरत नाहीं.

येथें माझीच एक चूक सांगतों. एका वर्षीं मीं वस्तीवरील एका मुलीस वर्गनायक नेमलें आणि मला मोठी धन्यता वाटली. पुढील वर्षीं तोच वर्ग मजकडे आला. मीं नेहमींप्रमाणें गुणपत्रक पाहून नेमणूक केली आणि पद पहिल्या बांकावरील मुलाकडे गेलें. ती मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, माझं काय चुकलं?” मजजवळ उत्तर नव्हतें. तिचें कांहींच चुकलें नव्हतें. मीं मान दिला होता, नियम बदलला नव्हता. त्यानंतर दर महिन्यास पाळीनें नायक होण्याची रीत घातली. मी निवृत्त झाल्यावरहि ती चालू राहिली.

म्हणून शिक्षकांचा संघ असो, वकिलांचें मंडळ असो वा डॉक्टरांची संस्था असो, समतेसाठीं कोणी पद मागूं लागल्यास त्यास पदलोभी म्हणून हिणवूं नये. मागितल्यावांचून ज्यांना मिळतें, त्यांच्यासाठींच संकोच शोभतो. मात्र त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मत देणारे कोण आहेत? आपण कोणता नियम बदलणार? आणि आपण उठून गेल्यावर मागें काय राहील? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं असेल, त्यास आपलें मत निःशंकपणें द्यावें.